शर्ट स्वतः घालतात

या घरात आजवर कोणाला काही झालेलं नाही. आजोबांचा एक डोळा गेला तेव्हा "आता एकाच डोळ्यावर काम भागतंय" असं ते कौतुकानं सांगायचे, आणि आजी अंथरुणाला खिळली ती शेवटपर्यंत "जरा पाठ टेकलीय" एवढंच म्हणत गेली. अशा रक्ताच्या थोरल्या मुलाला, म्हणजे दादांना, पेन्शन खात्याच्या डॉक्टरांनी तोंडावर विचारलं, "कपडे स्वतः घालता का?" दादा म्हणाले, "मग काय शेजारी येऊन घालून जातात?" डॉक्टरांनी लिहिलं, शर्ट स्वतः घालतात. पुढे लिहिलं, स्वतःच्या हातानं जेवतात, बरण्या उघडतात, तब्येत उत्तम. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला. ते नामंजुरीचं पत्र दादांनी घरात मोठ्यानं वाचून घेतलं आणि "तब्येत उत्तम" हे लेकीकडून दोनदा वदवलं.

दादांचे हात होतेही तसेच फसवे. उभा जन्म त्यांनी फरशी घासायचं मशीन चालवण्यात घालवला होता. ते मशीन सुरू झालं की दांडा थरथरतो, दांड्याबरोबर हात थरथरतात, आणि संध्याकाळी मशीन बंद केलं तरी माणूस आतून थोडा वेळ चालूच राहतो. आधी बोटं पांढरी पडायला लागली, मग बधिर झाली, आणि शेवटी हातात कप आहे की नाही हे दादांना खाली बघितल्याशिवाय कळेना. मशीन सुटलं. हात मात्र वरून होते तसेच राहिले, रुंद, भरदार, कोणीही बघून म्हणावं की हा माणूस नारळ मुठीनं फोडत असेल. त्या हातांना साधं एक बटण पकडता येत नव्हतं.

आता वर अपील करायची एकच वेळ उरली होती, न्यायाधिकरणापुढे. ती उद्या सकाळी होती, आणि म्हणून आज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती रंगीत तालीम चालली होती.

न्यायाधीश झाला होता धाकटा. दादांचा हा भाऊ विम्याचा एजंट. लोकांचे दावे पास करून देण्यात त्याची हयात गेली होती, निदान त्याचं तसं म्हणणं होतं. डोळ्यांवर वहिनींचा वाचायचा चष्मा चढवून तो टेबलाच्या टोकाला बसला होता.

"हं, अपीलदार," धाकटा खर्जात म्हणाला, "पाण्याचा ग्लास उचलता येतो का?"

"ग्लास? अख्खा जग उचलतो," दादा म्हणाले.

"दादा!" लेक ओरडली. अपिलाचे कागद तिनंच केले होते आणि उद्या वडिलांच्या बाजूनं बोलणारही तीच होती. एरवी ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची, त्यामुळे समोरच्याला दिसत नाही हे त्याच्याकडूनच वदवून घ्यायची तिला सवय होती. दादांपुढे ती सवय चालत नव्हती. "तुम्ही ग्लास दोन्ही तळव्यांत धरता. बोटांनी नाही. तेवढंच सांगायचंय."

"मग उचलतो की नाही?"

"उचलता, पण..."

"मग झालं तर. उगाच खोटं का बोलू?"

धाकट्यानं चष्मा काढला. त्याला या क्षणी आपल्या भावाचं जितकं कौतुक वाटत होतं तितकाच त्याचा गळाही दाबावासा वाटत होता. "दादा, हे बघ. माझ्याकडे एक गिऱ्हाईक होतं. करंगळी दुखावली होती त्याची, नुसती करंगळी. पण साहेबासमोर असा विव्हळला की साहेबानं स्वतः खुर्ची दिली. तू फक्त एकदा, एकदाच, आई गं म्हण."

"आई गं," दादा खणखणीत आवाजात म्हणाले.

"अरे, हाक नको मारूस. कळ येऊ दे."

"कळ येत नाही रे. बधिर आहेत हात. दुखलं असतं तर ओरडलो असतो."

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून आक्का खाकरल्या. आक्का खाकरल्या की घरात शांतता व्हायची. दादांची ही थोरली बहीण. आई खाटेवर असताना दोन्ही भावांना त्यांनी वाढवलेलं, आणि नोकरी केली ती बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. निवृत्त झाल्यावर ध्वनिक्षेपक तिथंच ठेवून आल्या, आवाज मात्र घरी घेऊन आल्या.

"मला हे मुळातच पटलेलं नाही," आक्का म्हणाल्या. "आपल्या घरात आजवर कोणी कुणापुढे हात पसरलेला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आक्का, मूठच तर झाकता येत नाही त्यांना," लेक म्हणाली.

यावर धाकटा हसला, आणि आक्कांनी बघितल्यावर खोकला. दादांनी मात्र बहिणीकडे असं बघितलं, जणू या घरात आपल्याला समजून घेणारं एकच माणूस आहे. टेबलावर दोन पक्ष सरळ पडले होते. एका बाजूला लेक आणि धाकटा, दुसऱ्या बाजूला आक्का आणि खुद्द अपीलदार. वहिनी कुठल्या पक्षात आहेत ते कोणी विचारलं नव्हतं, कारण वहिनी स्वयंपाकघरात होत्या.

वहिनी म्हणजे दादांच्या बायको. धाकटा त्यांना वहिनी म्हणायचा, ते ऐकून लेकही बोलायला लागली तेव्हापासून आपल्या आईला वहिनीच म्हणत आली, आणि पुढे दुधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनीच झाल्या. लेक पाणी प्यायच्या निमित्तानं आत आली तेव्हा वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. साखरेचा डबा, चहाचा डबा, बिस्किटांची बरणी ओळीनं समोर होती. एकेक झाकण त्या अर्धा वेढा फिरवून सैल करत होत्या आणि परत वर नुसतं टेकवून ठेवत होत्या. एरवी हे काम त्या पहाटे उरकायच्या, उद्या सुनावणीची घाई म्हणून आज संध्याकाळीच. सकाळी दादा उठायचे, चहा मीच करतो म्हणायचे, आणि सैल झाकणं तळव्यानं ढकलून उघडायचे. मग दिवसभर खुशीत असायचे.

झाकणं ही तर नुसती सुरुवात होती. या घरातलं एकही दार पुरतं लागत नसे. नळांना लांब दांड्या बसल्या होत्या, "नवीन फॅशन आहे" म्हणून. चमच्यांच्या मुठी जाड झाल्या होत्या, "सेटच तसा मिळाला" म्हणून. आणि दादांच्या प्रत्येक शर्टाची काजं वहिनींनी शिवून बंद केली होती. बटणं वर शोभेला तशीच टाकली होती, आणि आतून, बुटांना असते ना ती चर्रकन उघडणारी वेल्क्रोची पट्टी लावली होती. दादा छातीवर वरून खाली हात फिरवायचे की शर्ट लागायचा. इतक्या बेमालूम कामाबद्दल कुठल्याही शिंप्यानं वहिनींना गुरू केलं असतं.

"वहिनी," लेक हळू आवाजात म्हणाली, "उद्या हे सांगावं लागेल."

"मी सांगायची नाही. आणि तूही नाही."

"मग मी तिथं बोलू काय? ते लोक विचारणार, शर्ट घालतात का? तर घालतात. बरणी उघडतात का? तर उघडतात. तू इतकं छान करून ठेवलंयस की आपल्या बाजूनं पुरावाच उरला नाही."

"असू दे." वहिनींनी बिस्किटांची बरणी जरा जास्तच जोरात टेकवली. "अगं, मशीन सुटलं तेव्हा त्यांचं तोंड आठवतंय ना तुला? कोणाशी बोलत नव्हते. मग एक दिवस चुकून झाकण सैल राहिलं. त्यांनी उघडलं आणि मला हाक मारली, 'अगं बघ, जमलं!' त्या दिवशी पोटभर जेवले. आता चारचौघांत सांगू, की जमलं नव्हतं, मी जमवलं होतं?"

"आणि इस्पितळाचं काय?"

हे दोघींशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. दादांचे हात जाण्याआधी वहिनी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत होत्या. तिथल्या मोठ्या बाईंनी परत निरोप धाडला होता, देखरेखीची जागा रिकामी होतेय, येत्या पहिल्या तारखेला हजर व्हा, नाहीतर दुसरीला देते. वहिनींना ती जागा हवी होती. पैशासाठी हवी होतीच, पण नुसती पैशासाठी नाही. वाफेनं भरलेली ती खोली, घडीच्या टेबलाशी चालणारी बायकांची थट्टामस्करी आणि दिवसातून काही तास कोणाच्याही झाकणाची काळजी नाही, हे सगळं त्यांना हवं होतं. पेन्शन मिळाली तर दादांसाठी अर्ध्या दिवसाचा माणूस ठेवता येणार होता. नाही मिळाली तर ही झाकणं होती आणि त्या होत्या.

"मिळाली पेन्शन तर जाईन," वहिनी म्हणाल्या. "पण त्यांना खाली बघायला लावून नको."

लेक बाहेर आली ती रडवेली होऊन. बाहेर धाकटा दादांना लंगडायला शिकवत होता.

"हात गेलेत, लंगडू कशाला?" दादा विचारत होते.

"वातावरणनिर्मिती," धाकटा म्हणाला.

न्यायाधिकरणाची खोली धाकट्याच्या अपेक्षेपेक्षा फारच साधी निघाली. त्याच्या मनात उंच खुर्ची, हातोडा, झगे असं काहीतरी होतं. इथं एक लांब टेबल, भिंतीवर मागे पडलेलं घड्याळ आणि कुरकुरणाऱ्या खुर्च्या. टेबलापलीकडे चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या अध्यक्षबाई आणि त्यांच्याशेजारी कोट घातलेले एक वयस्क डॉक्टर. बाजूला खात्याचा माणूस, पातळ फाईल घेऊन. फाईल पातळ असली म्हणजे समोरच्याला जिंकायची खात्री आहे, हे धाकट्याला धंद्यावरून माहीत होतं.

आक्का "मी फक्त हा पडू नये म्हणून आलेय" असं सांगून आल्या होत्या आणि पहिल्याच रांगेत बसल्या होत्या.

लेकीनं सुरुवात चांगली केली. मशीन, थरथर, बधिरपणा, सगळं तिनं नीट मांडलं. अध्यक्षबाई लिहून घेत होत्या. मग खात्याच्या माणसानं उठून फक्त एक विचारलं.

"आपण शर्ट स्वतः घालता, असं तपासणीत म्हणाला होता. आज घातलाय तोही स्वतःच घातला?"

"स्वतःच," दादा म्हणाले.

"बटणंही स्वतः लावली?"

दादांनी एकदा वहिनींकडे बघितलं. वहिनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या.

"लावली की."

लेकीनं डोळे मिटून घेतले.

"जरा दाखवता का?" डॉक्टर मवाळपणे म्हणाले. "वरची दोन काढून परत लावा. सावकाश."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं धाकट्याच्या मनात आलं, पण आता उशीर झाला होता. दादा ताठ बसले. त्यांनी तळवा गळ्याशी नेला, कॉलरखाली सरकवला आणि झटक्यात खाली ओढला.

चर्रर्र!

खोलीत तो आवाज असा घुमला की दाराशी बसलेला शिपाई उठून उभा राहिला.

"अहो, फाटला वाटतं!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"छे," म्हणत दादांनी छातीवरून हात फिरवला. शर्ट लागला. "झालं."

खात्याचा माणूस खाली बसला. "आमचं म्हणणं संपलं," तो म्हणाला, आणि फाईल मिटली.

लेक उठली. तोंड उघडलं. आईचं 'तूही नाही' आडवं आलं, तोंड तसंच राहिलं. अध्यक्षबाईंनी लेखणी उचलून तिच्याकडे बघितलं. काही बोलायचं असेल तर आताच, असं ते बघणं होतं. आणि तेवढ्यात मागची खुर्ची कुरकुरली.

"ती बटणं खोटी आहेत," वहिनी म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"बटणं खोटी आहेत, बाई. काजं मी शिवून टाकलीत. आत पट्टी आहे. सगळ्या शर्टांना आहे." एकदा बांध फुटल्यावर वहिनींना थांबता येईना. "बरण्या उघडतात म्हणून लिहिलंय ना तुम्ही? त्या मी रोज सकाळी आधी सैल करते. दारं लावू देत नाही कोणाला. त्यांच्या ताटातलं सगळं आधीच बारीक करून वाढते, वर म्हणते आज सुरी बोथट होती. सुरी बोथट नाही आमच्या घरात एकही. यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांचा काही दोष नाही, ते खरं तेच बोलले. लबाडी माझी आहे. आणि मी ती केली असती अजून, पण मला इस्पितळाच्या लॉन्ड्रीत बोलावलंय आणि मला जायचंय. मला खूप जायचंय हो. यांना एकटं टाकून कशी जाऊ?"

एवढं बोलून त्या मटकन बसल्या.

खात्याचा माणूस उठला. "बाईंबद्दल आदर ठेवूनच म्हणतो, पण हा शर्ट आजच्या सुनावणीसाठी खास तयार करून आणलेला असू शकतो."

या वाक्यानं खात्याचं फार नुकसान केलं. कारण तोवर आक्का अपिलाच्या विरुद्ध पक्षातच होत्या. वहिनींचं बोलणं ऐकून त्यांच्या तोंडाचा आ झाला होता. इतकी वर्षं त्या या घरात चहा पीत होत्या, बरणीतली बिस्किटं खात होत्या, आणि आपला भाऊ धडधाकट आहे म्हणून गावभर सांगत होत्या. त्यांना भावाचा राग आला होता, भावजयीचा आला होता, स्वतःचा सर्वांत जास्त आला होता, आणि हा सगळा राग ठेवायला आता एक जागा मिळाली.

"कृपया इकडे लक्ष द्या!" आक्का उभ्या राहिल्या.

शिपाई पुन्हा उठला.

"आमच्या घरातलं कोणी खास तयारी करून आलेलं नाही. कपाट उघडून बघायचं असेल तर खुशाल घरी चला. मी स्वतः या अपिलाच्या विरोधात होते. अजूनही मला हे आवडलेलं नाही. पण माझ्या वहिनीला या खोलीत कोणी खोटारडी म्हणणार असेल, तर त्यानं आधी माझ्याशी बोलावं!"

आक्कांनी वहिनींना 'माझी वहिनी' म्हटलेलं धाकट्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. एरवी त्या 'ती' म्हणायच्या.

"आपण बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ऐकू आलं. रस्त्यावरही आलं असेल."

डॉक्टर उठून टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी अंगातला कोट काढला आणि दादांच्या समोर ठेवला. "ही बटणं खरी आहेत. एक लावून दाखवा."

दादा कोटाकडे बघत होते. वहिनी बोलायला लागल्यापासून ते हलले नव्हते. झाकणांचं ऐकताना ते शांत होते, सुरीचं ऐकतानाही होते. लॉन्ड्रीचं नाव निघालं तेव्हा मात्र त्यांनी मान वळवून बायकोकडे बघितलं होतं, आणि अजूनही अधूनमधून तसंच बघत होते.

"नाही लागत," दादा म्हणाले.

या घरातल्या कोणी हे दोन शब्द याआधी उच्चारल्याची नोंद नाही. आक्कांनी खुर्चीचा हात धरला.

"प्रयत्न तरी करा."

"घरी करून बघितलाय, साहेब. न्हाणीघरात, दार लावून. म्हणजे ही दार लावू देत नाही, पण टेकवून. धाकट्याचा एक जुना शर्ट होता, खऱ्या बटणांचा. पुष्कळदा बघितलं. नाही लागत."

डॉक्टरांनी दादांचं बोट हातात घेऊन दाबलं. "कळतंय?"

"बघितलं तर कळतंय."

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "थांबा. म्हणजे बटणं खोटी आहेत हे आपल्याला माहीत होतं?"

"बाई, शर्टाचा चर्र आवाज येतो. बटणाला कुठं आवाज असतो? हात बधिर झालेत, कान नाही."

वहिनींनी मान वर केली.

"मग खात्याच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खरं का सांगितलं नाहीत?"

दादा म्हणाले, "त्यांनी हिच्यासमोर विचारलं. ही शेजारीच बसली होती. एवढं सगळं केलं होतं तिनं, चोरून, मला वाईट वाटू नये म्हणून. मला जमलं की तिचा चेहरा खुलायचा. तिच्यासमोर कसं सांगणार?" त्यांनी घसा साफ केला. "लॉन्ड्रीचं मला माहीत नव्हतं. तेवढं माहीत असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

खात्याच्या माणसानं फाईल उघडली, आत बघितलं आणि परत मिटली. "मला पुढे काही विचारायचं नाही," तो म्हणाला. माणूस तसा वाईट नव्हता.

सगळ्यांना बाहेर बसवलं, परत आत बोलावलं, आणि अध्यक्षबाईंनी निकाल वाचला. पहिल्या दोन वाक्यांत काय चाललंय ते आक्कांना कळेना. "मिळाली की नाही ते सांगा," त्या म्हणाल्या. अध्यक्षबाई वाचायच्या थांबल्या. "मिळाली," त्या म्हणाल्या, आणि उरलेलं वाचून टाकलं.

व्हरांड्यात आल्याबरोबर धाकट्यानं लेकीला उचललं आणि स्वतःच्या तालमीमुळे हे कसं झालं ते सांगायला सुरुवात केली. लेक रडत होती आणि हसत होती. वहिनी मात्र बाकाशी उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा काही खुललेला नव्हता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय?" दादा म्हणाले.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या झाकणापासून. अगं, आदल्या रात्री मला ते उघडलं नव्हतं, आणि सकाळी नुसता हात लागला तर उघडलं. मी काय एवढा भोळा आहे?"

"आणि मी रोज तुमच्या आधी उठते! चोरासारखी स्वयंपाकघरात जाते! तुमची झोप मोडू नये म्हणून दिवासुद्धा लावत नाही! एकदा गुडघा फुटला माझा!"

"माहितीय. मी जागाच असतो. तुझं सगळं होईपर्यंत डोळे मिटून पडतो. फार कंटाळा येतो."

"कंटाळा येतो?" वहिनींचा आवाज आक्कांच्या वर गेला. "कंटाळा? माझी झोप गेली तिकडे, कंबर गेली, वर तुमच्यासमोर 'अगंबाई, जमलं!' म्हणून रोज तोंड वासायचं..."

"ते तू जरा जास्तच करायचीस," दादा म्हणाले.

त्यावर वहिनींनी हातातली पिशवी त्यांच्या दंडावर मारली. भर व्हरांड्यात, दीर, नणंद आणि शिपाई बघत असताना मारली. दंड काही बधिर नव्हता. "आई गं!" दादा ओरडले, आणि ते इतकं मनापासून आलं की धाकट्याला काल संध्याकाळचे सगळे कष्ट आठवून भरून आलं. वहिनींना हसू फुटलं. मग रडू आलं, मग दोन्ही एकदम, आणि त्या बाकावर बसून पदरानं डोळे पुसायला लागल्या. आक्का त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. आक्कांना अशा वेळी काय बोलावं ते येत नव्हतं, म्हणून त्यांनी "बिस्किटं छान असतात तुझ्याकडची" असं काहीतरी सांगितलं.

दादा या पायावरून त्या पायावर होत होते. घरी त्यांची पॅन्ट इलॅस्टिकची असायची. आज बाहेर जायचं म्हणून चेनची घातलेली. सकाळपासून त्यांनी निभावून नेलं होतं. एरवी ते घरी पोहोचेपर्यंत थांबले असते, पोटात कळा आल्या तरी थांबले असते, आणि बायकोनं ओळखून काहीतरी निमित्त काढलं असतं. वहिनींनी आताही ओळखलंच. डोळे पुसता पुसता त्या उठायला लागल्या.

"तू बस," दादा म्हणाले. आणि वळून मोठ्यानं म्हणाले, "धाकट्या, चल माझ्याबरोबर."

"कुठं?"

"मोरीकडे. मला चेन उघडता येत नाही."

धाकटा, ज्यानं लोकांच्या मरणाची बोलणी चहा पीत पीत केली होती, तो लाल झाला. त्यानं लेकीकडे बघितलं. लेक निकालाच्या कागदात डोकं घालून बसली. आक्कांकडे बघितलं, आक्का छताकडे बघत म्हणाल्या, "मी काही ऐकलेलं नाही." वहिनींकडे बघितलं.

"जा ना भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

धाकट्यानं पाकीट, किल्ल्या, फोन सगळं लेकीच्या हातात दिलं आणि भावाच्या मागोमाग निघाला. दोघं व्हरांड्याच्या टोकाशी दिसेनासे झाले. जरा वेळानं तिकडून दादांचा आवाज आला, "अरे हळू! विमा नाही काढलेला!" आणि मग दोन्ही भावांचं हसणं.

तिकडे काही अडलंय का, कोणाला काही सापडत नाहीये का, म्हणून वहिनी कान देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी ऐकायचं सोडून दिलं, पाय लांब केले आणि नणंदेला विचारलं, "आक्का, पहिली तारीख कुठल्या वारी येते हो?"